रंग उजेडानेच उतरतोय ना? आधी एवढं बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो कसा समजला ते तुम्हाला कळेल. तुम्ही पार्ल्यात घरी कोकम सरबत, बीट-लिंबाचं सरबत आणि तिळाच्या तेलातलं हळदीचं अभ्यंग तेल बनवता. तिन्ही वस्तू दादरच्या एका दुकानात काचेच्या शोकेसमध्ये असतात. दोन-तीन आठवड्यांत कोकम तपकिरी होतं, बीट फिकं पडतं आणि तेलाचा पिवळाधमक रंग जातो. घरी कपाटात ठेवलेल्या बाटल्या त्यामानाने बऱ्या राहतात. कुणीतरी सुचवलं की रोझमेरीचा अर्क किंवा आवळ्याची पूड घाला, नैसर्गिक अँटिऑक्सिडंट आहे, उजेडापासून रंग वाचेल. तर कशात किती घालायचं?

‘किती’चे आकडे खाली देतेच. मी माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकले, आमच्या वेळी तिला यूडीसीटी म्हणायचे. तेव्हापासून 25 वर्षं खाद्यरंगांचंच काम करते आहे. माझ्याकडे ‘किती घालू’ म्हणून येणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा वेगळीच निघते. तुमच्या तीन बाटल्यांत तीन वेगवेगळ्या जातींची रंगद्रव्यं आहेत. कोकमात अँथोसायनिन, बिटात बेटानिन, हळदीत करक्युमिन. एकाला जे वाचवतं तेच दुसऱ्याला मारतं. आवळा बिटाला साथ देईल, पण कोकमाचा घात करेल. बाजारातला तेलात विरघळणारा रोझमेरी अर्क हळदीच्या तेलात चालेल, सरबतात मात्र तो वर तवंग धरून बसेल. म्हणून तिन्हींसाठी एकच चमचा सांगता येत नाही.

शिवाय मी तुमच्या बाटल्या पाहिलेल्या नाहीत. दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे का, शोकेसमध्ये दिवे किती वेळ चालू असतात, तुम्ही प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं वापरता, पाणी नळाचं की टँकरचं, बाटली काचेची की पेट प्लास्टिकची, यांवर बरंच ठरतं. त्यामुळे पुढे जिथे ‘जर’ म्हणते, तिथे खरंच थांबून तुमच्याकडे काय आहे ते बघा.

आधी उजेडावरचा आरोप सिद्ध करा

कपाटातली बाटली टिकते आणि शोकेसमधली उतरते, म्हणजे उजेडच दोषी, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण बंद शोकेस दिव्यांमुळे गरमही होतं, कपाट होत नाही. मग उजेड की उष्णता? हे घरच्या घरी ठरवता येतं.

एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून चार बाटल्या भरा. पहिली नेहमीसारखी शोकेसमध्ये ठेवा. दुसरी तिच्या शेजारीच, पण बुचापासून बुडापर्यंत ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून. तिसरी फॉइलमध्ये गुंडाळून घरच्या फ्रिजमध्ये. चौथी पुन्हा शोकेसमध्ये, फॉइलमध्येच, पण अर्धीच भरलेली. फॉइलवर तारीख घाला. तीन आठवड्यांनी पहिली आणि दुसरी यांत जो फरक पडेल तो उजेडाचा. दुसरी आणि तिसरीतला फरक उष्णतेचा. दुसरी आणि चौथीतला हवेचा.

रंगाची तुलना बाटलीतल्या बाटलीत करू नका, दाट रंगात डोळा फसतो. प्रत्येकातलं दोन चमचे सरबत एकेक कप पाण्यात घालून पांढऱ्या वाडग्यांत ओता आणि सकाळच्या उजेडात खिडकीपाशी ठेवून बघा. मग फ्रिजमधल्या बाटलीच्या वाडग्यात पाणी वाढवत जा आणि तो शोकेसवाल्याइतका फिका कधी होतो ते मोजा. दुप्पट पाणी लागलं, तर शोकेसमधल्या बाटलीत रंग निम्मा उरला आहे. प्रयोगशाळेत हेच काम यंत्र करतं. उजेडाच्या तरंगलांबीच्या पट्टीवर कोकम 520 नॅनोमीटरच्या आसपास, बीट 535 ला आणि हळद 425 ला मोजतात. पण तुमच्या निर्णयासाठी वाडगे पुरेसे आहेत. फिकं होणं आणि तपकिरी होणं या दोन वेगळ्या नोंदी ठेवा, कारण तपकिरी छटा पाण्याने जुळवता येत नाही.

हा खटाटोप का, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ जांभळाच्या सरबताच्या दोन बाटल्या घेऊन आले. एक फॉइलशिवाय उजेडात ठेवलेली, एक फॉइलमधली. उजेडाने रंग जातो अशी त्यांची खात्री होती आणि महागडा अर्क आणायची तयारीही. मी फॉइल सोललं. दोन्ही बाटल्या सारख्याच. गळ्याशी अर्धा इंच तपकिरी कडं, खाली बऱ्यापैकी जांभळं. बूच उलटं करून पाहिलं, तर आतला पातळ लायनर एका बाजूने दुमडलेला. तिथून हवा आत जात होती. त्यांना अर्क नको होता, नीट बसणारी बुचं हवी होती.

वरच्या बाजूला कडं धरलं असेल तर संशय हवेवर घ्या. सगळी बाटली एकसारखी उतरली असेल तर उजेड किंवा उष्णता. पूड किंवा साबण असेल तर निदान आणखी सोपं होतं. लेबल सोलून काढा. लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेल्या मिरचीची पूड पारदर्शक पाकिटात महिनाभर उजेडात ठेवली, तर लेबलाच्या सावलीतली पूड लाल आणि बाहेरची विटकरी झालेली स्पष्ट दिसते. द्रवात ही सावली उमटत नाही, कारण ते आतल्या आत फिरत राहतं.

उजेड नेमकं काय करतो

हळदीच्या समारंभातल्या साडीवरचे डाग साबणाने हटत नाहीत, पण धुऊन कडक उन्हात टाकली की दुपारपर्यंत उडतात. आपल्या घरोघरी हे माहीत असतं. तुमच्या तेलाच्या बाटलीत तेच होतंय, फक्त सावकाश.

पदार्थ रंगीत दिसतो, कारण तो उजेडाचा काही भाग शोषून घेतो. कोकम हिरवा उजेड शोषतं म्हणून आपल्याला लाल दिसतं, हळद निळा-जांभळा शोषते म्हणून पिवळी. शोषलेली ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता होऊन निघून जाते. पण काही वेळा ती रेणूचाच बंध तोडते, किंवा शेजारच्या प्राणवायूला दिली जाते. असा चेतवलेला प्राणवायू, ज्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, आजूबाजूच्या रंगद्रव्यावर तुटून पडतो. अँटिऑक्सिडंटचं काम इथून पुढे सुरू होतं. ते उजेड अडवत नाही. उजेडाने केलेला पसारा आवरतं, आणि आवरता आवरता स्वतः खर्च होतं. बाटलीत जेवढं घातलं तेवढंच, ते संपलं की संपलं. उजेड मात्र दुकान उघडलं की रोज सकाळी नव्याने येतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी उजेड अडवायचा, मग हवा, मग पाण्या-भांड्यांतून येणारं लोह-तांबं, आणि शेवटी अँटिऑक्सिडंट. संग्रहालयांत जुनी रंगीत वस्त्रं 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात, कारण वस्तू वाचवायची तर उजेडच कमी करावा लागतो. तुमच्या शोकेसमध्ये सहज 500 ते 1000 लक्स असतील, आणि दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. शोकेसवर रोज तासभर तिरपं ऊन येत असेल, तर दिवसभराच्या दिव्यांपेक्षा तो एक तास भारी पडेल.

दुकानदार सांगतील की दिवे एलईडीचे आहेत, त्यात अतिनील किरण नसतात. हे खरं आहे. पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो, आणि करक्युमिन नेमकं त्याच पट्ट्यात आणि त्याच्या शेजारी उजेड खातं. तपकिरी काचेची बाटली साधारण 450 पर्यंतचा उजेड बराचसा अडवते. हळदीच्या तेलाला ती चांगली लागू पडते. कोकम आणि बीट 520-535 ला शोषतात, त्यांना तपकिरी काच अर्धीच मदत करते. त्यांना पुठ्ठ्याचं खोकं किंवा बाटलीभर गुंडाळलेलं अपारदर्शक लेबल हवं. चिनी मातीच्या बरणीत लोणचं भरून, दादरा बांधून फडताळात ठेवायची आपली जुनी पद्धत याच कारणाने टिकून राहिली असणार, असं मला वाटतं.

रंग दिसला नाही तर गिऱ्हाईक हात लावणार नाही, ही तुमची अडचण मला कळते. त्यावर आम्ही दोन उपाय करतो. एक, लेबलात बोटभर रुंदीची उभी खिडकी सोडायची. दुसरा मला जास्त आवडतो. शोकेसमध्ये खोक्याबाहेर एकच बाटली नमुन्याला ठेवायची, ती दर आठवड्याला बदलायची, आणि विक्रीच्या बाटल्या खोक्यात मागे ठेवायच्या. आठवड्याला एक बाटली वाया जाईल. अर्कापेक्षा ते स्वस्त पडतं.

कोकम

इथे जरा थांबून लिहिते, कारण याच बाटलीत सगळ्यात जास्त चुका होतात.

अँथोसायनिनला आंबटपणा मानवतो. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) तीनच्या खाली ते लाल आणि बऱ्यापैकी स्थिर राहतं. कोकम मुळात भरपूर आंबट, त्यामुळे हे काम निसर्गाने करून ठेवलं आहे. पाक जास्त घालून सरबत सौम्य केलं असेल तर मात्र पट्टीने पीएच तपासा. प्रिन्सेस स्ट्रीटला पीएच पट्ट्या सहज मिळतात.

आता आवळा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली होती. एका ग्राहकाच्या जांभूळ सरबताचा रंग टिकवायचा होता. आवळ्यात भरपूर क जीवनसत्त्व, म्हणजे भरपूर अँटिऑक्सिडंट, म्हणजे रंग टिकणार, इतका सरळ विचार करून मी आवळ्याचा रस घातला. पहिल्या दिवशी सरबत सुरेख दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात आवळा न घातलेल्या बाटल्या जांभळ्या होत्या आणि आवळा घातलेल्या मातकट. मी कपाटासमोर दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन उभी होते, ते अजून आठवतं. त्या मालाचं नुकसान ग्राहकाने सोसलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण असं आहे की क जीवनसत्त्व हवेशी संयोग पावताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. केस ब्लीच करायला वापरतात तेच. ते अँथोसायनिनचा रंग उडवतं. शिवाय क जीवनसत्त्व अँथोसायनिनशी थेटही जुळून त्याला बिघडवतं. दोघं एकमेकांना संपवतात. म्हणून कोकम, जांभूळ, जास्वंद, काळी द्राक्षं यांत आवळा नको, क जीवनसत्त्वाची पूडही नको.

दुसरं, प्रिझर्व्हेटिव्ह. तुम्ही पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, वापरत असाल तर रंग फिका पडण्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल, कारण सल्फाइट अँथोसायनिनला चिकटून त्याला रंगहीन करतं. लाल-जांभळ्या फळांच्या सरबतात म्हणूनच केएमएस ऐवजी सोडियम बेंझोएट घालायला शिकवतात. आणि बेंझोएट असेल तर क जीवनसत्त्व न घालण्याचं आणखी एक गंभीर कारण आहे. ही दोन्ही एकत्र आली, त्यात लोह-तांब्याचा अंश, उजेड आणि उष्णता मिळाली, की अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. ते कर्करोगकारक आहे. ही जोडी कुठल्याच बाटलीत नको.

मग कोकमात काय चालतं? रोझमेरीचा उल्लेख इथे खरा उपयोगी पडतो, पण त्यातला पाण्यात विरघळणारा भाग. त्याचं नाव रोझमेरिनिक आम्ल. हे आम्ल एकट्या रोझमेरीत नसतं. पुदिना आणि तुळस त्याच कुळातल्या, त्यांच्यातही ते असतं. असे चपटे रेणू अँथोसायनिनच्या चपट्या रेणूवर पानावर पान ठेवावं तसे बसतात आणि पाण्याला त्याच्यापर्यंत सहज पोचू देत नाहीत. याला को-पिगमेंटेशन म्हणतात. ते नीट झालं की घातल्या घातल्या रंग गडद दिसतो, आणि तीच त्याची खूण. इथे रंगाला नुसतं अँटिऑक्सिडंट मिळत नाही, सोबती मिळतो. म्हणून कोकमात मला हा मार्ग सर्वांत पटतो.

करायचं असं. सावलीत सुकवलेली 5 ग्रॅम तुळशीची किंवा पुदिन्याची पानं न कुटता 100 मिली गरम पाण्यात घाला. पाणी उकळतं नको, उकळून दोन मिनिटं खाली उतरवलेलं घ्या. 15 मिनिटांनी मलमलीतून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा. एक लिटर सरबताला 20 मिली, 40 मिली आणि 60 मिली अशा तीन बाटल्या करा. हे पाणी वरून ओतू नका, पाकासाठी जे पाणी घेता त्यातून तेवढं कमी करा. नाहीतर साखर आणि आंबटपणा दोन्ही उतरतील आणि सरबत फसफसेल. 40 च्या पुढे तुळशीची चव लागते. कोकमाला ती मला तरी चालत नाही, पुदिना जरा मुरतो.

पानं कुटू नका, मिक्सरमधून काढू नका, हे मुद्दाम सांगते. कुटल्यावर पानाचे बारीक हिरवे कण सरबतात उतरतात, आणि त्यांच्याबरोबर हरितद्रव्य. हरितद्रव्य अंधारात निरुपद्रवी असतं, पण उजेडात ते स्वतःच ऊर्जा शोषून प्राणवायूला चेतवतं. म्हणजे उजेडापासून वाचवायला घातलेली वनस्पती उजेडातच रंगद्रव्याच्या मुळावर उठते. तेलात हा धोका आणखी मोठा, कारण हरितद्रव्य तेलात छान विरघळतं. हिरवागार दिसणारा घरगुती अर्क जास्त गुणकारी, ही समजूत शोकेसमध्ये ठेवायच्या मालापुरती तरी सोडून द्या. चांगल्या प्रतीचा रोझमेरी अर्क रंग आणि वास काढून विकतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बीट

बीट नेमकं उलट वागतं. बेटानिन ज्या पद्धतीने बिघडतं, त्यात मुक्त मूलकांची, म्हणजे एकामागून एक रेणू बिघडवत जाणाऱ्या अस्थिर कणांची, साखळी फारशी नसते. त्यामुळे ती साखळी तोडणारे अर्क, म्हणजे रोझमेरी, हळद, ग्रीन टी वगैरे, त्याला विशेष उपयोगी पडत नाहीत. त्याला हवं असतं प्राणवायू खाऊन टाकणारं काहीतरी, आणि ते काम क जीवनसत्त्व उत्तम करतं. सोबत सायट्रिक आम्ल असलं की आणखी बरं, कारण ते लोह-तांब्याचे कण बांधून ठेवतं. लिंबाने दोन्ही थोडं थोडं मिळतं, पण लिंबाच्या रसात 100 मिलीला 40-50 मिलिग्रॅमच क जीवनसत्त्व असतं, आणि सरबतात जाईपर्यंत त्यातलंही कमी होतं.

सरबताच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. बाटलीत वर राहिलेली एक मिलिलिटर हवा साधारण 3.3 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व खाते. समजा तुमची 500 मिलीची बाटली आहे आणि गळ्याशी 40 मिली जागा रिकामी सोडता. 40 गुणिले 3.3, म्हणजे सुमारे 130 मिलिग्रॅम नुसत्या त्या हवेतच गेलं. लिटरला अर्धा ग्रॅम या हिशेबाने तुम्ही बाटलीत 250 मिलिग्रॅम घातलं असेल, तर निम्म्याहून जास्त पहिल्या काही दिवसांत संपलं. तीच जागा 10 मिलीवर आणली तर 33 मिलिग्रॅमच जाईल. बाटली गळ्यापर्यंत भरण्याला एक पैसा लागत नाही. पेटची बाटली प्रकाशासारखी हवाही हळूहळू आत सोडते. काचेतून हवा येत नाही, फक्त बूच सांभाळायचं. म्हणून बीट काचेतच भरा.

माझी सुरुवात लिटरला अर्धा ग्रॅम फूड ग्रेड ॲस्कॉर्बिक आम्लापासून (म्हणजे क जीवनसत्त्वच) असते, फार तर एक ग्रॅमपर्यंत. आवळा पूडच घालायची असेल तर घाला, बीट ती सहन करेल. पण पुडीत क जीवनसत्त्व किती उरलं आहे हे प्रत्येक गठ्ठ्यागणिक बदलतं, तुरटपणा येतो आणि खाली साका बसतो. आवळ्यातलं क जीवनसत्त्व आणि कारखान्यातलं, रेणू एकच. तुम्हाला लेबलवर ‘आवळा’ लिहायचं आहे की दर खेपेला सारखा रंग हवा आहे, हे तुम्ही ठरवा. बिटाच्या सरबतात बेंझोएट असेल तर मात्र दोन्ही नको. आधी प्रिझर्व्हेटिव्ह बदला, पोटॅशियम सॉर्बेटकडे वळा. जे काही घालाल ते तुमच्या परवान्यातल्या वर्गात चालतं का हे बघून, लेबलवर लिहूनच घाला.

बिटाला पीएच चार ते पाचच्या दरम्यान आवडतो, पण रंगासाठी पाचकडे झुकू नका. बीट जमिनीत वाढतं, त्यातलं आम्ल कमी. बंद बाटलीत पीएच 4.6 च्या वर गेला तर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढण्याचा धोका असतो, आणि तो रंगावरून किंवा वासावरून कळत नाही. 4 ते 4.2 ला थांबा. तिथे रंगही खूश आणि माणूसही सुरक्षित.

उकळताना बीट फार वेळ आगीवर ठेवू नका. आणि एक छान गोष्ट. तापवल्यावर फिकं पडलेलं बेटानिन थंड ठिकाणी काही तास राहिलं की थोडं परत जुळून येतं. त्यामुळे भरल्या दिवशीच्या रंगावरून निर्णय घेऊ नका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग बघा. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाटल्यांची अदलाबदल झाली असं वाटून पुन्हा सगळं मोजलं होतं.

पाणी आणि भांडी

लोह आणि तांबं या दोघांचा तिन्ही बाटल्यांशी संबंध आहे. मुंबईचं पालिकेचं पाणी मऊ असतं, पण जुन्या इमारतीच्या गंजक्या नळातून सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं, आणि उन्हाळ्यात टँकर मागवला तर ते बहुधा बोअरचं असतं. लोहाचा अंश क जीवनसत्त्वाची नासाडी वाढवतो, आणि तुळशी-पुदिन्याच्या काढ्याशी मिळून काळपट छटा देतो. सरबतासाठी आरओचं पाणी घ्या. भांडी स्टीलची, सुरी-किसणीही स्टीलची. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट सरबत करू नये, हे तर आपल्याला घरातूनच सांगितलेलं असतं.

हळदीचं तेल

इथे थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं कमी आहे. करक्युमिन प्राणवायू नसला तरी उजेडाने बिघडतं, रेणू स्वतःतच वळून तुटतो. म्हणून इथे अँटिऑक्सिडंटचा उपयोग मर्यादित आहे आणि बाटलीचा अमर्याद. तपकिरी काच, वर खोकं. तिळाच्या तेलात स्वतःचे अँटिऑक्सिडंट असतातच. तरी घालायचाच असेल तर तेलात विरघळणारा रोझमेरी अर्क लिटरला अर्ध्या ते एक ग्रॅमच्या आसपास घाला. अर्कात कार्नोसिक आम्ल, म्हणजे त्यातला काम करणारा घटक, किती टक्के आहे ते विक्रेत्याच्या कागदावर वाचून प्रमाण कमी-जास्त करा. तो हळदीपेक्षा तेलालाच जास्त वाचवतो, खवट होऊ देत नाही.

आणि केसांना लावायला मिळतं ते रोझमेरीचं सुगंधी तेल यात ओतू नका. ते वाफेवर काढलेलं असतं, आणि कार्नोसिक आम्ल वाफेबरोबर येतच नाही. वास येईल, रंगाला काही मिळणार नाही. आठवड्याला निदान एक तरी माणूस मला हीच बाटली दाखवतो.

आता काय करायचं त्याचा क्रम. या आठवड्यात तिन्ही वस्तूंच्या चार-चार बाटल्या फॉइलवाल्या चाचणीला लावा, काहीही न घालता. घाई असेल तर गॅलरीतल्या उन्हात दोन दिवस ठेवून अंदाज घेता येतो, पण शेजारी फॉइलमधली बाटली हवीच, नाहीतर उन्हाची उष्णता आणि उन्हाचा उजेड वेगळे काढता येणार नाहीत. दोष उजेडाचा निघाला तर खोकं आणि लेबल बदला, हवेचा निघाला तर बूच आणि भरण्याची पातळी. त्यानंतरही रंग उतरत असेल, तेव्हा कोकमात पुदिन्याचा काढा आणि बिटात क जीवनसत्त्व यांच्या बाटल्या लावा, एका वेळी एकच बदल करून.

कोकमाचा मोसम एप्रिल-मेचा. त्याआधी जुन्या सरबतावर चाचणी उरकली, तर नवं आगळ घरात येईल तेव्हा तुमची कृती ठरलेली असेल. तीन आठवड्यांनी वाडग्यांचे फोटो इथेच टाका. सोबत प्रत्येक बाटलीचा पीएच, प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आणि गळ्याशी किती जागा सोडली होती ते लिहा, म्हणजे पुढचं प्रमाण नेमकं सांगता येईल.